लेअर (अंड्यांसाठी पाळलेल्या) कोंबड्या पिंजऱ्यातून घरी आणल्यात? मग ठाण्याच्या थंडीत काय करायचं, काय अजिबात नाही करायचं

ठाण्यात कसली आलीय थंडी, असं पहिल्या वर्षी मीपण म्हणाले होते. आम्ही घोडबंदर रोडला गावठाणात राहतो, बैठं घर, मागे अंगण. मुरबाडकडच्या एका फार्मची बॅच निघत होती तिथून डिसेंबरात सात कोंबड्या आणल्या, आणि पहिल्याच रात्री मी घाबरून खुराड्याला चारही बाजूंनी पावसाळ्यातली निळी ताडपत्री घट्ट गुंडाळली. सकाळी उघडलं तर आतून ताडपत्रीला पाण्याचे थेंब, डोळ्यात झोंबणारा वास, सगळ्या एका कोपऱ्यात एकमेकींवर चढून बसलेल्या आणि सगळ्यात खाली जी होती ती गेलेली. बाहेर १५ डिग्री होतं. थंडीने नव्हती मेली ती, गुदमरून मेली. सासूबाई (माहेर मुरबाडचंच, लहानपण कोंबड्यांत गेलेलं) एवढंच म्हणाल्या, "अगं, तिला आडोसा हवा होता, तू तिला डब्यात भरलंस."

तेव्हापासून तीन हिवाळे झालेत आणि मी जे काही सांगणारे ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे. इथे कोंबडीला गरम करायचं नसतं, कोरडं ठेवायचं असतं आणि पोटभर खायला घालायचं असतं, बाकीची ऊब ती स्वतः तयार करते. तिच्या अंगाचं तापमानच ४१ डिग्रीच्या आसपास असतं.

आधी ही कोंबडी काय आहे ते समजून घ्या

ही गावठी नव्हे. आपल्याकडच्या फार्मवर बहुतेक बीव्ही-३०० वगैरे पांढऱ्या, मुळात लेगहॉर्नच्या वंशातल्या कोंबड्या असतात, वजन जेमतेम दीड किलो. १८-२० आठवड्यांची झाली की अंडी सुरू, वर्षाला तीनशेच्या आसपास, आणि ७२ ते ८० आठवड्यांना अंडी कमी झाली की बॅच 'कल' म्हणून विकून टाकतात. पिंजऱ्यात एकीच्या वाट्याला जागा किती, तर २०२३ च्या केंद्राच्या नियमांत ५५० चौरस सेंटीमीटर म्हटलंय, आणि ए-फोर कागद ६२० च्या वर भरतो. म्हणजे हे सुधारलेलं माप आणि तरी कागदापेक्षा लहान.

तर ती घरी येते तेव्हा मान, छाती, पाठ, बूड असं बऱ्याच ठिकाणी उघडं पडलेलं असतं, चोच टोकाला कापलेली, नखं वाढलेली, तुरा फिकट आणि एका बाजूला लोंबणारा. हाडं ठिसूळ, कारण एका अंड्याच्या कवचाला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागतं आणि खाण्यातून पुरलं नाही की ते हाडांतून जातं. म्हणून तिला चिकनच्या दुकानात धरतात तसं पायाला धरून उलटं कधीच उचलायचं नाही, दोन्ही हातांनी पंख अंगाशी दाबून छातीखाली आधार द्यायचा.

आता अशी अर्धी टकली कोंबडी आणि आपलं जानेवारीतलं हवामान, पहाटे १५-१६, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला किंवा बदलापूर साइडला त्याहून कमी, आणि दुपारी सरळ ३१-३२. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ ला ७.४ डिग्री नोंदलंय, तो रेकॉर्ड, तसं काही रोज होत नाही. आपला प्रॉब्लेम आकड्याचा नाहीये, एकाच दिवसात १५ डिग्री वरखाली होतं त्याचा आहे, शिवाय धूळ, आणि शिवाय खुराडं पावसाळ्यापासून ओलंच राहिलेलं असतं त्याचा.

कोंबड्या यायच्या आधी खुराडं

सहा कोंबड्यांना आत चार बाय चार फूट तरी हवं, आणि दिवसा फिरायला बाहेर वेगळी जागा. फार मोठं बांधलंत तर आतली हवा त्यांच्या अंगाच्या ऊबेने गरम होत नाही, हेपण लक्षात ठेवा.

रात्री आणि पहाटे आपल्याकडे वारा जमिनीकडून येतो, म्हणजे पूर्व-उत्तरेकडून, आणि दुपारनंतर खाडी-समुद्राकडून. म्हणून पूर्व आणि उत्तर बाजू खालून दोन-अडीच फूट फळीने बंद करा, कोंबडी बसते त्या उंचीला वारा लागता कामा नये. पण छपराखाली चारही बाजूंनी वीतभर पट्टा उघडाच ठेवायचा, त्याला अर्ध्या इंचाची वेल्डमेश जाळी मारायची. आतली दमट हवा आणि शिटीचा अमोनिया वरून निघून जायला पाहिजे. पडदा हवाच तर गोणपाटाचा, संध्याकाळी खाली, सकाळी ऊन आलं की गुंडाळून वर. ताडपत्री फक्त छपरावर.

जाळीबद्दल कंजूषपणा नको. येऊरच्या बाजूला राहणाऱ्यांना बिबट्या सांगायला नको, पण कोंबडी नेणारे बाकीचेच जास्त असतात, मुंगूस, मांजर, घूस, कधी साप. साधी षटकोनी कोंबडी-जाळी असते ती कुत्रंसुद्धा फाडतं. खाली फरशी किंवा जाळी पुरलेली हवी आणि रात्री कडी, नुसती खिट्टी नाही.

आता खाली काय पसरायचं. आमच्याकडे भाताचं तूस. दिवाळीनंतर भात झोडून झालेला असतो, मुरबाड-शहापूर-वाड्याकडच्या गिरण्यांवर ताजं तूस पोत्याने मिळतं, गावाकडून कोणी टेम्पो येत असेल तर सांगून ठेवा. तीन-चार इंच जाड थर. सुताराकडचा रंध्याचा भुसा पण चालतो, पण करवतीचा एकदम बारीक भुसा नको, तो नाकात जातो आणि या येड्या तो खातात पण. पेंढा घेतलात तर वास घेऊन बघा, कुबट असेल तर परत करा, त्यातल्या बुरशीने कोंबडीची फुप्फुसं जातात.

रोज सकाळी दार उघडायच्या आधी वाका आणि तुमचं नाक कोंबडीच्या उंचीला आणा. डोळे चुरचुरले म्हणजे रात्रभर ती त्यात बसलीय. मग मूठभर तूस दाबून बघा, गोळा झाला आणि तसाच राहिला तर ओलं आहे, सुटं पडलं तर ठीक. ओला भाग काढून टाकायचा आणि नवं घालायचं, आठवड्यातून एकदा सगळं खालीवर करायचं. पाण्याचं भांडं रात्री आत ठेवूच नका, अंधारात त्या पीत नाहीत, फक्त लाथाडतात.

आणायचा दिवस

सकाळी उशिरा आणा, दहा ते दोनमध्ये. रात्री बाइकवर खोक्यात ठेवून घोडबंदरचा वारा खात आणलेली कोंबडी दुसऱ्या दिवशी शिंकते, हे मी बघितलंय. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, खाली पेपर नको, घसरतात, गोणपाट टाका, एका खोक्यात दोन. घरी आधीच्या कोंबड्या असतील तर नव्यांना तीन आठवडे पूर्ण वेगळं, भांडीसुद्धा वेगळी, आणि चप्पलसुद्धा.

आल्या आल्या खायला नाही, आधी पाणी. आणि इथे एक गंमत आहे जी मला कोणी सांगितली नव्हती. फार्मवर त्या निपलला (पाइपला लावलेल्या बारीक तोटीला) टोचून पाणी पितात, भांड्यातलं पाणी त्यांनी जन्मात बघितलेलं नसतं. आमची टकली (आमच्यातली एक, मान पूर्ण उघडी होती म्हणून ते नाव) भरलेल्या कुंड्याशेजारी उभी राहून अर्धा तास खुराड्याच्या जाळीवरचा एक चकचकीत नट टोचत होती, आणि मला वाटलं खेळतेय. तहानलेली होती ती. मग चोचीचं टोक हळूच पाण्यात बुडवलं, दोनदा, तिसऱ्यांदा तिने मान वर करून गिळलं, आणि मग जे प्यायली. नाकपुड्या बुडवू नका, फक्त टोक. एकीला जमलं की बाकीच्या बघून शिकतात. पहिल्या दिवशी लिटरभर पाण्यात चमचाभर गूळ आणि चिमूटभर मीठ, दुसऱ्या दिवसापासून साधं पाणी.

पहिल्या आठ-दहा रात्री

पिंजऱ्यात दांडी नसते, त्यामुळे दांडीवर बसायचं माहीतच नसतं. सगळ्या कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची दबते, आमची गेली तशी. कोपरे तिरक्या फळीने किंवा तुसाच्या गोणीने भरून टाका म्हणजे ढीग होणार नाही. दांडी सुरुवातीला जमिनीपासून वीतभरच उंच, दोन इंची चौकोनी लाकूड, रुंद बाजू वर. रुंद यासाठी की त्यावर बसली की पायाची बोटं छातीच्या पिसांखाली झाकली जातात, पाइपवर तसं होत नाही आणि लोखंडी पाइप तर पहाटे बर्फासारखा असतो. अंधार पडला की एकेकीला उचलून दांडीवर ठेवायचं, शेजारी शेजारी, जिला जास्त पिसं आहेत ती कडेला आणि टकली मध्ये. कंटाळवाणं काम आहे. दहाव्या दिवशी बघाल तर तीन जणी आपणहून चढलेल्या असतात. एखादी शेवटपर्यंत चढत नाही, तिला तुसातच झोपू द्या.

बल्ब, शेकोटी, स्वेटर

नाही, नाही आणि नाही.

शंभरचा बल्ब तुसाच्या वर लटकवणं म्हणजे आग लावायची तयारी. आग लागली नाही तरी रात्री तिकडे २८ डिग्री आणि लाइट गेली की एकदम १५, हा झटका नुसत्या १५ पेक्षा वाईट. शेकोटी, मच्छर कॉइल, धूप, ओव्याची धुरी, काहीही खुराड्याजवळ नको. पक्ष्यांच्या अंगभर हवेच्या पिशव्या असतात, धूर आपल्यापेक्षा त्यांना कितीतरी जास्त लागतो. थंडीत आसपास कचरा जाळतात आणि बांधकामाची धूळ तर आपल्याकडे पाचवीलाच पुजलेली, त्यात आपण भर घालायला नको. घरात आणून ठेवत असाल तर किचनपासून लांब ठेवा, नॉनस्टिक तवा रिकामा तापला की त्याच्या वाफेने पक्षी मरतात, हे अतिशयोक्तीने सांगत नाहीये.

स्वेटरचं म्हणाल तर परदेशात लोक अशा कोंबड्यांना विणून घालतात, फोटो गोड दिसतात. आमच्या शेजारच्या काकूंनी प्रेमाने दोन विणून दिले, एक गुलाबी. टकलीला घातला. दुपारी बाराला ती चोच उघडी टाकून धापा टाकत होती, आणि काढला तर खाली नवे फुटलेले पिसांचे कोंब चोळले जाऊन लाल झालेले. ते कोंब रक्ताने भरलेले असतात, हात लागला तरी दुखतात, त्या दिवसांत कोंबडीला उगाच उचलूसुद्धा नये. लोकरीत ओल राहते, उवा राहतात. स्वेटर आता चहाच्या किटलीला आहे. तसंच तुऱ्याला व्हॅसलिन लावायचे व्हिडिओ, ते जिथे रात्री शून्याखाली जातं तिथल्यांसाठी, हिमदंशाच्या भीतीने. आपल्याला काही गरज नाही, उलट तेलकट तुऱ्याला धूळ चिकटते.

अपवाद फक्त आजारी कोंबडीचा. तिला घरात खोक्यात ठेवा, गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून एका बाजूला, म्हणजे नको वाटलं तर तिला दुसऱ्या बाजूला सरकता येईल.

खाणं, म्हणजे खरी गोधडी

पहिले पंधरा दिवस लेअर मॅशच (अंड्यांच्या कोंबड्यांचं भरडलेलं तयार खाद्य) द्या, फार्मवर खात होत्या तेच. एका कोंबडीला दिवसाला १०० ते ११० ग्रॅम, थंडीत थोडं जास्त लागतं. चोच कापलेली असल्याने जमिनीवरचा दाणा नीट उचलता येत नाही, म्हणून खोलगट भांड्यात दोन इंच भरून ठेवा. सकाळी त्यातलाच थोडा मॅश कोमट पाण्यात कालवून दिलात तर पडून खातात, पण अर्ध्या तासाने उरलेला काढून टाका, दुपारपर्यंत आंबतो.

पिसं म्हणजे जवळपास सगळं प्रोटीनच, आणि तिला आख्खा कोट नव्याने शिवायचाय. त्यासाठी आपल्याकडे जवळ्यासारखी सोय नाही. चेंदणी कोळीवाड्याकडून किंवा बाजारात मावशींकडून सुका जवळा घ्या, बिनमिठाचा सांगून घ्या, शंका वाटली तर धुवून वाळवा, मीठ कोंबडीला बाधतं. एकीला चमचाभर, आठवड्यातून तीनदा. घरातून वास येतो म्हणून सोसायटीवाल्यांची कुरबुर होईल, तर मग उकडलेलं अंडं कुस्करून द्या किंवा शिजवलेले सोयाबीन. शेंगदाण्याची पेंड जुनी असेल तर नकोच, बुरशीचं विष असतं त्यात.

संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, झोपायच्या तासभर आधी, मूठभर भरडलेला मका किंवा ज्वारी-बाजरी, एकीला १५-२० ग्रॅम. हे रात्रभर पचत राहतं आणि पचताना अंगात ऊब तयार होते, तुमच्या बल्बपेक्षा हा मका जास्त कामाचा. खाऊन झोपली का ते कळायला छातीवरची दाण्याची पिशवी चाचपून बघा, रात्री लिंबाएवढी टणक भरलेली हवी आणि सकाळी रिकामी. सकाळीही भरलेली आणि पिठासारखी मऊ लागली तर काहीतरी अडकलंय.

शिंपल्यांची भरड वेगळ्या वाटीत कायम ठेवा, मॅशमध्ये मिसळू नका, जिला हवी ती तेवढी घेते. शिळा भात, पाव कधीतरी चालेल, पण त्याने पोट भरतं आणि पिसं येत नाहीत. फरसाण, चहाचा चोथा, चॉकलेट, कच्चा राजमा आणि बुरशी आलेलं काहीही, हे बंद.

अंडी थांबतील. फार्मवर १६ तास लाइट असतो, आपल्याकडे डिसेंबरात दिवस ११ तासांचा, त्यात पिसं फुटायला लागली की शरीर अंडी बाजूला ठेवतं. थांबू दे. अंड्यांसाठी रात्री ट्यूब लावून ठेवणारे लोक आहेत, मला ते पटत नाही, मग तिला पिंजऱ्यातून काढलंच कशाला.

दिवसा

जानेवारीत सूर्य सव्वासातला उगवतो, अंगणात ऊन यायला आमच्याकडे आठ होतात, त्यानंतरच बाहेर सोडा, तोपर्यंत आत दाणा द्या. आणि दुपारी सावली पाहिजेच. हे लोकांच्या डोक्यात येत नाही, पण उघड्या कातडीला ऊन भाजतं, पहाटे कुडकुडणारी कोंबडी दुपारी एक वाजता पाठ लाल करून घेते. जुनी चादर बांधा, केळीखाली सोडा, काहीही.

घमेल्यात लाल माती आणि चुलीची चाळलेली राख भरून उन्हात ठेवा. बहुतेकींना पहिल्यांदा काय करायचं कळत नाही, मग एक दिवस कोणीतरी त्यात आडवी पडून पाय झाडायला लागते आणि बघणाऱ्याला वाटतं फिट आली. धूळ-अंघोळ आहे ती, उवा त्यानेच कमी होतात. आपल्याकडची थंडी एवढी कडक नसते की किडे मरतील, तेव्हा आठवड्यातून एकदा रात्री टॉर्च घेऊन दांडीच्या फटी बघा, लाल-करडे ठिपके चालताना दिसले तर डॉक्टरांना विचारून औषध मारा. बूड घाण झालं असेल तर सकाळी अकराला कोमट पाण्याने फक्त तेवढंच धुवायचं आणि पूर्ण सुकवायचं, संध्याकाळी कोंबडी ओली करायचीच नाही.

कधी घाबरायचं

पिसं फुलवून एका पायावर उभी आहे, डोळे लख्ख, दाणा टाकला की धावते, तर तिला थंडी वाजतेय, बस. पण पाठ काढून, शेपूट खाली, डोळे मिटून बाजूला उभी आणि दाण्याकडे बघतही नाही, तर तो आजार. तोंड उघडून श्वास, नाकातून पाणी, चेहऱ्याला सूज, घरघर, तुरा निळसर, हिरवी पातळ शीट, मान वाकडी होणं (मानमोडी, म्हणजे राणीखेत), यातलं काही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे सगळे डॉक्टर कोंबडी बघत नाहीत, म्हणून कोंबड्या आणायच्या आधीच फोन करून विचारून ठेवा. मला एका क्लिनिकमध्ये "मॅडम, हिची करी करा" असं ऐकावं लागलंय. परळचं जनावरांचं बैलघोडा हॉस्पिटल लांब पडतं, पण तिथे असं कोणी हसत नाही. लसोटाचा (राणीखेतच्या लसीचा) डोस कधी झाला ते फार्मवाल्याला आणतानाच विचारा.

वारंवार घरट्यात जाऊन जोर करतेय आणि अंडं येत नाही, पेंग्विनसारखी उभी राहतेय, तर अंडं अडकलंय. टबात पोटापर्यंत कोमट पाणी, पंधरा-वीस मिनिटं शांत बसवा, मग पुसून उबदार अंधाऱ्या खोक्यात. दाबून काढायला जाऊ नका, आत फुटलं तर गेली. दोन-तीन तासांत आलं नाही तर डॉक्टर.

आणि बर्ड फ्लू. तो आपल्याकडे साधारण याच दिवसांत निघतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात शहापूरच्या वेहळोलीत, जानेवारी २०२५ मध्ये खाडीपलीकडे उरणच्या चिरनेरला. या दिवसांत ठाणे खाडीवर स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, आपलं पाण्याचं भांडं झाका. कावळे, बगळे, कबुतरं येऊन पितात तिथे कोंबड्यांना पाजायचं नाही, फिरायच्या जागेवर वरूनही जाळी हवी. एकापाठोपाठ दोन-तीन अचानक गेल्या तर हात न लावता १९६२ या नंबरवर पशुसंवर्धन खात्याला फोन करा, पिशवीत भरून कचऱ्यात टाकू नका. अंडं या दिवसांत पूर्ण उकडूनच खा, हाफ-फ्राय नको.

फेब्रुवारी

सहा-आठ आठवड्यांत टकलीच्या मानेवर आधी निळसर सुया दिसल्या, मग एक दिवस त्यांची टोकं फुटून पांढरे ब्रश झाले, आणि मकरसंक्रांतीनंतर आठवड्याभरात तिला ओळखायला मला पायाला रिंग घालावी लागली. सगळ्यांचं एवढ्यात होत नाही. एखादीला चार महिने लागतात, एखादीची पाठ तशीच राहते.

फेब्रुवारीच्या मध्याला गोणपाटाचे पडदे काढून धुवून वाळवून ठेवा आणि पूर्वेची खालची फळी सैल करा, कारण आपल्याकडे वसंत वगैरे नसतो, एका आठवड्यात पहाटे १८ आणि दुपारी ३६ होतं. तूस अर्धं काढून झाडांना घाला, थेट मुळाशी नको, महिनाभर कुजवून. पाण्याची भांडी दोनाची चार करा.